सभेतला पाव वाटा

1998 च्या 8 जुलैला फ्रान्स आणि बेल्जियमच्या सीमेवर, लील शहराजवळ, फ्रेंच सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी एक मोटार अडवली. तिच्यावर फेस्तिना या सायकल संघाची नावनिशाणी होती. चालवणारा विली वूट हा संघाचा जुना मदतनीस. खेळाडूंना मालिश करणे, पाण्याच्या बाटल्या भरणे, खाण्याच्या पिशव्या तयार ठेवणे हे त्याचे उघड काम. मोटारीत मात्र ईपीओच्या कुप्या, वाढीची संप्रेरके, टेस्टोस्टेरॉन आणि सिरिंजा सापडल्या. तीन दिवसांनी डब्लिनमध्ये टूर द फ्रान्स सुरू झाली. औषधे देण्याची व्यवस्था संघाच्याच देखरेखीखाली चालत होती, अशी कबुली संघप्रमुख ब्रुनो रूसेल यांनी दिली आणि 17 जुलैला फेस्तिनाला शर्यतीतून हाकलण्यात आले. मग हॉटेलांवर पोलिसांच्या धाडी पडल्या. सायकलपटूंनी रस्त्यावर बसून निषेध केला, काही संघ अर्ध्यावरून घरी गेले. सुरुवातीला 189 जण होते, त्यांतले पॅरिसला पोचले 96.

या प्रकरणाच्या जबाबांत एक नाव वेगळ्याच कारणाने पुढे आले. क्रिस्तोफ बासों. हा मुलगा काही घेत नाही, असे वूटने सांगितले आणि संघातल्या आर्मिन मायर या स्विस सायकलपटूनेही सांगितले. दक्षिण फ्रान्समधल्या माझामे गावी 1974 साली जन्मलेला बासों 1996 मध्ये व्यावसायिक झाला आणि त्याच वर्षी फेस्तिनात आला. फेस्तिना तेव्हा जगातल्या सर्वांत बलाढ्य संघांपैकी एक होता. तिथे राहून त्याने इंजेक्शन नाकारले होते. घेतलेस तर पगार कितीतरी पटींनी वाढेल, अशी लालूच आपल्याला दाखवली गेली होती, हे त्याने पुढे सांगितले.

बासों औषध घेत नाही हे संघात सर्वांना माहीत होते आणि कोणाला त्याचे फारसे काही वाटत नव्हते. त्याच्या नकारामुळे कोणाचे नुकसान होत नव्हते. उलट एक स्पर्धक आपोआप मागे राहत होता. स्वतः शुद्ध राहणाऱ्या माणसाला सभोवतालची अशुद्ध व्यवस्था सहसा हात लावत नाही. त्याचा उपवास त्याच्यापुरता असेल तर इतरांच्या पंगतीला त्याची अडचण होत नाही. अडचण सुरू होते ती त्याने तोंड उघडले की. म्हणून बासोंची कारकीर्द हा क्रीडाविश्वातला एक किस्सा म्हणून संपत नाही. धर्मचिंतनातला एक जुना प्रश्न ती नव्याने विचारते: असत्यात आपण स्वतः सहभागी झालो नाही, एवढ्याने सत्याचे आचरण पुरे होते का?

प्रश्नाचे वजन कळायला त्या काळातली औषधाची ताकद समजून घ्यावी लागते. ईपीओ हे मूत्रपिंडात तयार होणारे संप्रेरक. ते अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला सांगते. बाहेरून टोचले की पेशी वाढतात, स्नायूंना जास्त प्राणवायू मिळतो आणि लांबलचक चढणीवर दमछाक उशिरा होते. रक्त घट्ट होण्याचा धोका त्याच्याबरोबर येतो. 1990 च्या दशकात ते पकडणारी चाचणीच नव्हती. 1997 पासून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर 50 टक्क्यांची मर्यादा घातली, पण त्या मर्यादेच्या आत राहून हवे ते करता येत होते. लघवीच्या नमुन्यातून ईपीओ शोधण्याची पद्धत वापरात आली ती 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकपासून.

त्याआधीची परंपराही लहान नव्हती. फ्रान्सने उत्तेजकांविरुद्धचा कायदा 1965 मध्ये केला. पुढच्याच वर्षी टूरमध्ये बोर्दोच्या मुक्कामी पहिल्यांदा तपासणी झाली, तेव्हा दुसऱ्या दिवशी सायकलपटूंनी खाली उतरून पायी चालत तिचा निषेध केला. 1967 च्या 13 जुलैला ब्रिटनचा टॉम सिम्प्सन माँ व्हाँतूच्या उघड्या, तापलेल्या चढणीवर कोसळून मरण पावला. त्याच्या शरीरात अँफेटामाइन सापडले. सगळ्यांना सगळे ठाऊक होते आणि ठाऊक असलेले न बोलणे हा व्यवसायाचा अलिखित करार होता. आयर्लंडच्या पॉल किमेजने 1990 मध्ये पुस्तक लिहून तो मोडला, तेव्हा जुन्या सहकाऱ्यांनी त्याला वाळीत टाकले. ज्या ताटात जेवलास त्यातच थुंकलास, असा आरोप अशा माणसावर फ्रेंच सायकलविश्वात नेहमीच होत आला आहे. त्याच 1990 साली झील देलियों या फ्रेंच तरुणाने लोम्बार्दियाची प्रतिष्ठेची शर्यत जिंकली होती. औषधे घेणार नाही असे ठरवलेला हा गुणी सायकलपटू पुढच्या काही वर्षांत मागे पडत गेला आणि 1996 मध्ये निवृत्त झाला. बासों व्यावसायिक झाला तेच हे वर्ष.

फेस्तिनाच्या धक्क्यानंतर 1999 ची टूर ‘नवजीवनाची टूर’ म्हणून मांडली गेली. मार्चमध्ये क्रीडामंत्री मारी-जॉर्ज ब्यूफे यांच्या पुढाकाराने फ्रान्सने नवा, कडक कायदा केला होता. बासों आता ‘ला फ्रांसेज दे झ’ या संघात होता. जूनमध्ये त्याने दोफिने लिबेरे शर्यतीचा एक टप्पा जिंकला, म्हणजे पायांत ताकद नव्हती असे कोणी म्हणू शकत नव्हते. जुलैत तो पहिल्यांदाच टूरमध्ये उतरला आणि ‘ल पारिझियाँ’ या दैनिकासाठी शर्यतीच्या आतून स्तंभ लिहू लागला. इतरांनी कॅमेऱ्यांसमोर नवजीवनाची भाषा केली. बासोंने लिहिले की काही बदललेले नाही, हा वेग स्वच्छ शरीरांचा वाटत नाही. शर्यत संपली तेव्हा विजेत्याचा सरासरी वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर गेलेला होता. टूरच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. ज्या देशात तपासणी सर्वांत कडक झाली होती, त्या फ्रान्सच्या एकाही सायकलपटूला त्या वर्षी एकही टप्पा जिंकता आला नाही. 1926 नंतर अशी वेळ आली नव्हती.

13 जुलैला इटलीतल्या सेस्त्रियेरच्या चढणीवर लान्स आर्मस्ट्राँगने सर्वांना मागे टाकले. कर्करोगातून उठून पिवळी जर्सी घालणाऱ्या या अमेरिकनाची कहाणी जगाला हवीच होती. दुसऱ्या दिवशी, फ्रान्सच्या राष्ट्रीय सणाला, सेस्त्रियेर ते आल्प द्युएझ हा टप्पा होता. सुरुवातीचे अंतर सावकाश जायचे असे सगळ्या जथ्याने आपसांत ठरवले होते. बासोंला कोणी सांगितले नव्हते. तो पुढे निघाला, तेव्हा अख्खा जथा त्याच्या मागे लागला आणि त्याला गाठले. आर्मस्ट्राँग शेजारी आला, त्याच्या खांद्याला हात लावला आणि तू जे बोलतोस ते सायकलिंगसाठी वाईट आहे, तू निघून गेलेला बरा, असे त्याला सुनावले. हे खासगीत झालेले नव्हते. त्या संध्याकाळी दूरचित्रवाणीवर आर्मस्ट्राँगने स्वतःच ते सांगितले: बासोंचे आरोप सायकलिंगसाठी, त्याच्या संघासाठी, कोणासाठीच चांगले नाहीत, त्याने घरी जावे.

संघातही वेगळे वारे नव्हते. सहकारी बोलेनासे झाले. 16 जुलैच्या पहाटे, बाराव्या टप्प्याच्या आधी, बासोंने शर्यत सोडली. मनाने आपण खचलो, हे त्याने लपवले नाही. वय होते 25. आणखी दोन हंगाम तो खेळला आणि 2001 मध्ये निवृत्त झाला.

धर्मचिंतनातल्या त्या जुन्या प्रश्नाचे एक उत्तर महाभारताच्या सभापर्वात, द्यूतसभेच्या प्रसंगात आहे. पणाला लावली गेलेली द्रौपदी आपण खरोखर जिंकले गेलो का असे विचारते, तेव्हा भीष्म उत्तर देतात ते धर्माची गती सूक्ष्म आहे असे. द्रोण, कृप गप्प. अशा वेळी उठतो विकर्ण, दुर्योधनाचाच धाकटा भाऊ. आधी तो राजांना बोलायला सांगतो. कोणी बोलत नाही, तेव्हा द्रौपदी जिंकली गेलेली नाही असा स्वतःचा निर्णय देतो. इथला एक तपशील बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. विकर्णाचे बोलणे ऐकून सभेत मोठा कोलाहल होतो, लोक त्याची वाहवा करतात आणि शकुनीची निंदा करतात. मग कर्ण उठतो, विकर्णाला पोर ठरवतो, तुला धर्मातले काय कळते म्हणून झिडकारतो, आणि वाहवा करणारे तेच लोक खाली बसून पुढचे सगळे पाहतात.

त्याच सभेत विदुर एक कथा सांगतो. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि ऋषिपुत्र सुधन्वा यांच्यात वाद होतो, दोघे प्राण पणाला लावतात आणि निवाडा प्रल्हादाकडे येतो. मुलाचा जीव जाईल या भीतीने प्रल्हाद घुटमळतो आणि कश्यपाला विचारतो की जाणूनही न बोलणाऱ्याची गती काय. कश्यपाच्या उत्तरात पापाची चक्क वाटणी आहे. सभेत निंद्य गोष्ट घडत असताना तिची निंदा झाली नाही, तर अर्धे पाप सभेच्या प्रमुखाकडे जाते, पाव भाग करणाऱ्याकडे आणि पाव भाग गप्प बसलेल्या सभासदांकडे. प्रल्हाद मग मुलाच्या विरुद्ध निर्णय देतो.

ही वाटणी नीट वाचली की तिचा कठोरपणा जाणवतो. गप्प बसलेल्यांच्या माथी जेवढे, तेवढेच करणाऱ्याच्या माथी. ‘मी काही केले नाही’ हा बचाव तिथे टिकत नाही. फेस्तिनात असताना बासोंने कर्त्याचा वाटा नाकारला होता. 1999 मध्ये त्याने सभासदाचा वाटाही नाकारला. दुसरा नकार पहिल्यापेक्षा महाग पडला, कारण पहिल्याने त्याचे निकाल गेले आणि दुसऱ्याने त्याची माणसे गेली.

याविरुद्धचा युक्तिवाद आपल्या परंपरेतच आहे आणि तो हलका नाही. सत्य बोलावे, पण अप्रिय सत्य बोलू नये, असे मनुस्मृती सांगते. त्याहून गंभीर आहे कर्णपर्वातली कौशिकाची गोष्ट. सत्यवचनाचे व्रत घेतलेला हा तपस्वी लुटारूंना खरे सांगतो, त्या खऱ्यामुळे लपलेली माणसे मारली जातात आणि तो नरकात जातो. लोकांचे धारण करतो तो धर्म, नुसती शब्दांची सचोटी म्हणजे धर्म नव्हे, हे कृष्ण अर्जुनाला त्यातून समजावतो. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या कर्मजिज्ञासा या प्रकरणात सत्याला अपवाद असतात का याची चर्चा महाभारत आणि पाश्चात्त्य नीतिशास्त्र यांना समोरासमोर ठेवून केली आहे. तेव्हा बासोंच्या बोलण्याने खेळाचे, संघाचे, प्रायोजकांवर पोट असलेल्या शेकडो जणांचे नुकसान होत होते, ही तक्रार तपासल्याशिवाय टाकून देता येत नाही. आर्मस्ट्राँगचे म्हणणे नेमके हेच होते.

पण कौशिकाच्या गोष्टीत जीव जातो तो कोणाचा? लपलेल्या दुबळ्यांचा. शिकारी बलवान आहेत आणि सत्य त्यांच्या हाती पडते. 1999 च्या टूरमध्ये हे चित्र उलटे होते. दुबळा होता तो विशीतला नवा सायकलपटू. पहिल्या करारावर सही करताना त्याच्यापुढे दोनच वाटा असत: शरीर धोक्यात घाला, नाहीतर मागे पडा आणि घरी जा. प्रत्येकाच्या मौनामुळे त्याला वाटे की वाट एवढीच आहे. इथे बळी देत होते ते मौन. बासोंच्या सत्याने कोणा निरपराध्याचा ठावठिकाणा उघड झाला नाही. ज्यांच्याकडे पैसा, कीर्ती आणि डॉक्टर होते त्यांची अडचण झाली. अप्रिय सत्य टाळायचे ते ऐकणाऱ्याला विनाकारण दुखवू नये म्हणून. बलवानाची गैरसोय टाळण्यासाठी तो नियम वापरला, तर नम्रतेच्या नावाखाली अन्यायाला आश्रय मिळतो.

दुसरा आक्षेप फळाचा. बासोंच्या बोलण्याने काय झाले? त्या वर्षी तर काहीच नाही. आर्मस्ट्राँग जिंकला आणि पुढची सहा वर्षे जिंकत राहिला. 2005 च्या ऑगस्टमध्ये ‘लेकिप’ने छापले की 1999 चे जपून ठेवलेले नमुने नव्या पद्धतीने तपासले असता त्याच्या सहा नमुन्यांत ईपीओ आढळले. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेचा अहवाल आला, त्यात जुन्या सहकाऱ्यांच्या साक्षी होत्या, आणि त्याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. जानेवारी 2013 मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर कबुली दिली. तेरा वर्षांनंतरच्या या निकालाचे श्रेय बासोंच्या स्तंभाला देणे अतिशयोक्ती ठरेल. पण कश्यपाच्या वाटणीत परिणामाचा उल्लेखच नाही. विकर्णाच्या बोलण्याने द्रौपदीचा अपमान थांबला नाही, तरीही त्या पाव हिश्श्यातून विकर्ण वगळला जातो. बोलण्याचे कर्तव्य यशाच्या शक्यतेवर अवलंबून ठेवले, तर सर्वांत मोठ्या अन्यायापुढे बोलण्याचे बंधनच उरणार नाही, कारण तिथे यशाची शक्यता सर्वांत कमी असते.

आणि सगळ्यात मोठा हिस्सा, अर्धा, ज्यांच्याकडे जातो त्यांचे काय? 1999 च्या टूरमध्येच आर्मस्ट्राँगच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइडचा अंश सापडला होता. सायकलच्या सीटमुळे झालेल्या फोडांसाठी मलम वापरले, अशी डॉक्टरची चिठ्ठी पुढे करण्यात आली आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने ती मान्य केली. ही चिठ्ठी मागाहून, जुनी तारीख घालून तयार केली होती, अशी साक्ष त्याच्या संघाची मालिशकार एमा ओ’रायली हिने पुढे दिली. द्यूतसभेचा प्रमुख, आंधळा राजा धृतराष्ट्रही दिसत नसल्यामुळे नव्हे, तर निकाल आपल्या बाजूने लागतोय हे कळल्यामुळे गप्प होता. फेस्तिनानंतर सायकलिंगला एका निर्मळ कथेची गरज होती आणि ती कथा चालून आली होती. संघटना, आयोजक, वाहिन्या, प्रायोजक या सर्वांचे हित तिच्यात गुंतलेले होते. अशा ठिकाणी पंचविशीतल्या एकट्या खेळाडूने सत्याचा भार उचलावा, ही अपेक्षाच मुळात अन्याय्य आहे.

म्हणूनच बासोंला संत ठरवण्यातही एक सोय दडलेली आहे. फ्रान्समध्ये त्याला ‘मोसिय प्रोप्र’, म्हणजे स्वच्छ महाशय, म्हणू लागले. घर पुसण्याच्या द्रवाचे हे घरोघरी माहीत असलेले नाव कौतुकाचेही होते आणि टोमणाही होता. एखाद्याला असामान्य म्हटले की उरलेल्यांना सामान्य राहण्याची मुभा मिळते. त्याला जमले, आम्ही पडलो साधी माणसे! विकर्णाची वाहवा करून खाली बसलेल्या सभेने हेच केले. पण प्रत्यक्षात बासोंचे वागणे असामान्य शक्तीचे नव्हते. तो रडला, खचला, पहाटे बॅग भरून निघून गेला. विकर्णापेक्षा त्याने एकच गोष्ट अधिक केली. विकर्ण बोलला, पण राहिला कौरवांच्याच बाजूला आणि युद्धात भीमाच्या हातून मारला गेला. बासों त्या सैन्यातून बाहेर पडला. निवृत्तीनंतर तो बोर्दोकडे क्रीडा मंत्रालयाच्या सेवेत गेला आणि उत्तेजकविरोधी काम करू लागला. आपल्याला पश्चात्ताप नाही, हे तो सांगत आला आहे.

नियम पाळणारी यंत्रणा आणि सत्य यांची गाठ नेहमी पडतेच असे नाही, हेही त्याच्या वाट्याला आले. 2012 च्या सप्टेंबरमध्ये माउंटन बाइकच्या एका लांब पल्ल्याच्या शर्यतीतून तो दमून मध्येच बाहेर पडला आणि घरी निघाला. वाटेत असताना फोन आला की तपासणीसाठी नाव निघाले आहे. तो वेळेत परतू शकला नाही आणि फ्रेंच महासंघाने त्याच्यावर एक वर्षाची बंदी घातली. अपिलात ती एक महिन्यावर आली. आर्मस्ट्राँगची विजेतेपदे काढली जात होती त्याच ऑक्टोबरातली ही बंदी. पुढे 2013 च्या डिसेंबरमध्ये पॅरिसमध्ये दोघांची भेट झाली आणि आर्मस्ट्राँगने माफी मागितली. बासोंने ती राग न धरता ऐकून घेतली.

व्यक्तींमधला हिशेब असा मिटू शकतो. सभेचा हिशेब मिटायला नियम बदलावे लागतात, आणि ते अर्धेच बदलले आहेत. 2004 च्या टूरमध्ये इटलीचा फिलिप्पो सिमेओनी आघाडीच्या गटात सामील व्हायला निघाला, तेव्हा पिवळ्या जर्सीतल्या आर्मस्ट्राँगने स्वतः त्याचा पाठलाग करून त्याला मागे फिरायला लावले आणि कॅमेऱ्यासमोर ओठांवरून चेन ओढल्याची खूण केली. सिमेओनीने आर्मस्ट्राँगचे सल्लागार डॉ. मिकेले फेरारी यांच्याविरुद्ध उत्तेजकांच्या खटल्यात साक्ष दिली होती. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेच्या 1 जानेवारी 2021 पासून लागू झालेल्या आवृत्तीत कलम 2.11 आहे. गैरप्रकाराची माहिती देणाऱ्याला धमकावणे किंवा त्याचा सूड घेणे हाच आता स्वतंत्र गुन्हा ठरतो. सिमेओनीसारख्या साक्षीदाराला आज या कलमाचा आधार मिळेल. पण हे संरक्षण आहे ते उत्तेजकविरोधी संस्था, पोलीस, चौकशी यंत्रणा अशा अधिकृत ठिकाणी दिलेल्या माहितीला. वर्तमानपत्रात उघडपणे, सर्वांना ठाऊक असलेले लिहिणाऱ्या सायकलपटूचा या कलमात विचार झालेला नाही. आणि 1999 मध्ये बासोंने अधिकाऱ्यांकडे जायचे म्हटले असते, तर ज्या संघटनेने मलमाची ती चिठ्ठी स्वीकारली, तिच्याच दारात त्याला उभे राहावे लागले असते.